साडेतीन फुटांची गाडी

माझ्या नवऱ्याने एक गाडी बनवली होती. आता तो माझा नवरा नाही आणि ती गाडी कुठे आहे तेही मला ठाऊक नाही. तरी चेन्नईतल्या त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं की मला आधी ती गाडीच आठवते.

विजेवर चालणारी, चार चाकांची, दोन माणसांची गाडी. पण ती दोन माणसं शेजारीशेजारी बसायची नाहीत, एकामागे एक बसायची. रुंदी साडेतीन फुटांना जरा कमीच. पहिल्यांदा तिचा सांगाडा पाहिला तेव्हा मी म्हटलं, "हे तर आपलं गोदरेजचं कपाट आडवं पाडून चाकं लावलीस." तो हसला नाही. गाडीबद्दल त्याला चेष्टा चालायची नाही. एरवी मात्र भारी थट्टेखोर माणूस होता. लग्नाच्या पंगतीत माझ्या मामांना जिलेबीचा आग्रह करकरून त्याने पार उठायच्या लायकीचं ठेवलं नव्हतं.

ती गाडी अरुंद होती, जड होती आणि सुसाट होती. त्याच्या ऑफिसातले लोक म्हणायचे, शहरात ऑफिसला जायला-यायला इतकी सुसाट गाडी कशाला हवी, घरी चहा उकळतोय का? तो त्यांना मोटारीची ओढ, बॅटऱ्यांचं वजन, ट्रॅफिकचा हिशोब असलं काहीबाही ऐकवायचा. खरं कारण फक्त मला माहीत होतं. म्हणजे त्याला जे खरं वाटत होतं ते मला माहीत होतं, आणि ते खरं नव्हतं हेही मला माहीत होतं.

पहिल्यापासून सांगते.

मी साताऱ्याची, तो नाशिकचा. लग्न झालं आणि दोघांच्याही नोकऱ्या चेन्नईत, म्हणून वेलचेरीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. वेलचेरीला तेव्हा लोकल आलेली नव्हती. इमारती उगवत होत्या, रस्ते नुसते खणलेले होते. त्याला कारखान्याची बस घेऊन जायची, कारण तो गाड्यांच्या कंपनीत डिझाइनला होता. मी तरमणीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातले दोष शोधायचे, नीट लिहून काढायचे आणि न लाजता सगळ्यांना कळवायचे, हा माझा धंदा. शेअर ऑटोत सात जणांत आठवी होऊन जायचे आणि संध्याकाळी तो मला स्कूटरवर आणायला यायचा.

मला दिवस गेले तेव्हा मी तिशी ओलांडली होती. तिसरा महिना नुकता लागला होता. पाऊस होऊन गेल्यावर वेलचेरीचा रस्ता म्हणजे काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. आम्ही घरी येत होतो. उजवीकडून एक बस अंगावर येत चालली. तो निसटायला बघत होता, पण दोघांना घेऊन त्या स्कूटरला ओढच नव्हती. बस दाबत गेली, आम्ही डावीकडे सरकत गेलो, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. आम्ही आडवे झालो. त्याचं कोपर सोलवटलं. मला काहीसुद्धा झालं नाही. ड्रेस चिखलाने माखला तेवढाच, आणि त्याचा घाबरलेला चेहरा बघून मला हसूच आलं.

तिसऱ्या दिवशी रक्त जायला लागलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि मला एकटीला आत बसवून सांगितलं. वयस्कर होत्या, इंग्रजी सावकाश बोलायच्या. म्हणाल्या, गर्भाची वाढ दोन आठवड्यांपूर्वीच थांबली होती. पडल्यामुळे नाही. मुळातच तो नीट धरला नव्हता. पडला नसतात तरी हेच झालं असतं. असं पुष्कळ जणींना होतं, यात कुणाचीही चूक नसते, काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा. सगळं सांगितलं त्यांनी, काही राखून ठेवलं नाही. पण मी त्यातलं एकच वाक्य ऐकलं. मुळातच नीट धरला नव्हता.

इथे मला माझ्या जावेबद्दल सांगायला हवं. मोठ्या दिरांची बायको. तिचं दोनदा असंच झालं होतं. नाशिकच्या घरी तिच्यासमोर कुणी वावगं बोलायचं नाही, घरातले लोक सुशिक्षित होते. पण ती स्वयंपाकघरातून बाहेर गेली की सासूबाई सुस्कारा सोडून म्हणायच्या, "हिचं पोटच धरत नाही." हळदीकुंकवाला तिला बोलवायचे, पण कुणाच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की तिला नेमकं काहीतरी आणायला आत पाठवायचे. माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी हे पाहिलं होतं. गप्प राहिले होते आणि खरं सांगायचं तर, मनातल्या मनात म्हटलंही होतं की बरं, आपण ती नाही.

मी बाहेर आले तेव्हा तो बाकावर बसला होता, कोपराला बँडेज. उठला आणि म्हणाला, "खड्ड्यामुळे ना?"

मी हो म्हटलं नाही. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. मी हो म्हटलं नाही, मानही हलवली नाही. फक्त नाही म्हटलं नाही. तो तिथेच, सगळ्या लोकांदेखत, तोंड झाकून रडायला लागला. मी त्याचं डोकं जवळ घेतलं आणि थोपटत राहिले.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. आधी रडल्या, मग रागावल्या, "अगं, अशा दिवसांत स्कूटरवर बसतं का कुणी? त्याला तरी अक्कल नको?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण एका परीने बरं बाई. अपघात झाला म्हणजे तुझ्यात काही दोष नाही. मला भीतीच वाटली होती, थोरलीसारखं होतंय की काय."

"हो आई," मी म्हटलं. फोन ठेवला आणि सोनोग्राफीचा कागद घडी करून माझ्या पदवीच्या फायलीत सर्टिफिकेटांच्या मागे सरकवला. तिथे तो कधीच बघणार नव्हता.

मला वाटलं होतं, थोडे दिवस जाऊ देत, तो सावरला की सांगू. पण तो सावरला तो कागदावर एक गाडी काढून. महिन्याभराने एका रविवारी त्याने माझ्यासमोर कागद पसरले. म्हणाला, स्कूटर जिथून जाते तिथून जाईल अशी गाडी पाहिजे, म्हणजे अरुंद. पण ती पडता कामा नये, म्हणजे तळाला वजन पाहिजे, आणि बॅटऱ्या असतातच जड, त्या सगळ्या सीटखाली बसवायच्या. आणि बस दाबायला लागली की पापणी लवायच्या आत पुढे निसटली पाहिजे. विजेच्या मोटारीला पहिल्या क्षणापासून पूर्ण ओढ असते. "त्या दिवशी अशी गाडी असती," तो म्हणाला आणि कागदाचा मुडपलेला कोपरा सरळ करायला लागला.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी विचारलं, "चहा टाकू?"

गाडी बनवायला जागा मिळाली ती गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथच्या वर्कशॉपमध्ये. मालक साठीचे, तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीतरी भोसल्यांबरोबर तिकडे गेलेले. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय. आमचं मराठी ऐकून ते तोंडावर हात ठेवून हसायचे. म्हणायचे, "तुम्ही बोलतां तें मराठी नव्हे ग, तें हिंदी." आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांना त्याचा लळा लागला. मागची शेड त्यांनी त्याला अशीच वापरायला दिली आणि संध्याकाळी स्वतःचं काम संपलं की त्याच्याबरोबर वेल्डिंगला उभे राहायचे.

दर शनिवार-रविवार आणि आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी तो तिथे. मी सकाळी डबा द्यायचे तो दोन वेळचा. रविवारी मीही जायचे. माझं काम बॅटऱ्यांना पाणी घालायचं. एकेक झाकण उघडायचं, नरसाळं लावायचं आणि डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, खुणेपर्यंत, वर नाही. चेन्नईच्या उन्हाळ्यात त्या बॅटऱ्या माणसासारखं पाणी प्यायच्या. काका म्हणायचे, "ही तुझी गाय, तूंच पाणी पाज." मला ते काम आवडायचं. तो आपल्या तंद्रीत बोल्ट आवळत असायचा, मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि ओळखीचं हसायचा. आमचं लग्न जर कुठे चाललं असेल त्या वर्षांत, तर त्या शेडमध्ये.

वर्षभरात सांगाडा उभा राहिला आणि चालायलाही लागला. मग चाचण्या सुरू झाल्या. तो पुढे बसायचा. मागच्या सीटवर माझ्या वजनाचा तांदूळ. काकांच्या घरचं पोन्नी तांदळाचं एक पोतं, वर लहान पिशवी, म्हणजे बरोबर माझ्याएवढं. दर सहा महिन्यांनी तो माझं वजन विचारायचा आणि मी दोन किलो चोरून सांगायचे, ते त्याला कळायचं आणि तो गुपचूप दोन किलो तांदूळ वाढवायचा. त्या पोत्याला पट्टा बांधायचा आणि पोत्याच्या मांडीवर, म्हणजे जिथे मांडी आली असती तिथे, काठोकाठ पाण्याने भरलेला स्टीलचा टंबलर ठेवायचा. मग वसाहतीतल्या खड्ड्यांवरून, स्पीडब्रेकरवरून गाडी न्यायची आणि किती सांडलं ते बघायचं.

आधी निम्मा टंबलर सांडायचा. त्याने स्प्रिंग बदलल्या. मग बोटभर सांडायचं. त्याने सीटच वेगळी टांगली. मग चार थेंब.

तो ओल्या पोत्यावरून हात फिरवत बसायचा. बाकीच्यांना वाटायचं इंजिनियर माणूस आहे, बारकाईने बघतोय. मला माहीत होतं तो काय मोजतोय. एकदा मला म्हणाला, "एवढ्याने काही होणार नाही ना गं? चार थेंबांनी?" इतक्या भाबडेपणाने विचारलं त्याने. मी "नाही रे" म्हटलं आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

आणि गाडी होईपर्यंत मूल नाही. हे त्याने पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं. घरचे विचारायचे, मैत्रिणी विचारायच्या, चान्स कधी घेताय? मीही त्याला विचारलं. आधी लाडाने, मग रागाने, मग अगदी तोंड वेंगाडून. तो म्हणायचा, "गाडी होऊ दे. मी पुन्हा तुला त्या स्कूटरवर बसवणार नाही, आणि शेअर ऑटोतही नाही. एकदा केलं मी ते." मी म्हणायचे, मी घरी बसेन नऊ महिने, नोकरी सोडेन. त्यावर म्हणायचा, "आणि दवाखान्यात कशी जाशील?" मी जवळ सरकले तर तो माझा हात हातात घ्यायचा, थोपटायचा, आणि कूस बदलायचा. तिशीतली बाई मी, नवऱ्याच्या पाठीकडे बघत एका गाडीचा मत्सर करायचे. हसायची गोष्ट आहे खरं तर.

मी तेहेतीसची झाले, चौतीसची झाले. पाळी आली की रडायचे आणि नाही आली की घाबरायचे, जरी ती न यायला काही कारणच नव्हतं.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या वर्षी एकदा बीचवर, उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल खाता खाता, मी म्हटलं, "अरे, कधीकधी अशा गोष्टी पडण्याने होतच नाहीत म्हणे." तो लगेच म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. तू एवढी मोठ्या मनाची आहेस ना, त्याचीच मला लाज वाटते." त्यानंतर काय सांगणार? जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर मी घाबरलेली बायको ठरले असते. तिसऱ्या वर्षी मी काय ठरणार होते, ते माझं मला दिसत होतं.

चौथ्या वर्षीचं आयुधपूजन. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात तसंच, पण तिकडे फार कडक. आदल्या दिवशी सगळं वर्कशॉप धुऊन काढायचं, प्रत्येक यंत्राला चंदन-कुंकू लावायचं, हार घालायचे, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. पान्यालासुद्धा नाही. यंत्रांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, ती पुन्हा हातात घ्यायची.

त्या दिवशी काकांनी आमच्या गाडीलाही झेंडूचा हार घातला होता. चुरमुरे, गूळ, डाळं वाटलं. रस्त्यावर प्रत्येक गेटसमोर कोहळे फोडलेले, आतून कुंकवाने लाल. पूजा झाल्यावर नवऱ्याची जी घालमेल सुरू झाली ती बघवत नव्हती. हात लावायचा नाही म्हटल्यावर त्याला हातांचं काय करावं कळेना. गाडीभोवती फिरायचा, खाली वाकून बघायचा, पुन्हा उठायचा. शेवटी कॉफी आणतो म्हणून बाहेर गेला.

काका माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसले. "तुला एक सांगूं, पोरी?" म्हणाले. "गाडी जाली आहे."

मला कळलं नाही. "झाली म्हणजे?"

"जाली. चार म्हैने जाले. टंबलरांतून एक थेंब पडत नाही. मी पाहिलें, त्याणें पाहिलें. मग तो बरी असलेली स्प्रिंग काढतो, नवी घालतो, परत थेंब पडतो, परत लागतो कामाला." त्यांनी लेथकडे बोट केलं. "चाळीस वर्षें हें काम करतों. संपलेलें काम मला कळतें. त्याला तें संपवायचेंच नाही. भितो तो. पावम."

पावम म्हणजे बिचारा. ते कुणालाही म्हणतात, पाय मोडलेल्या कुत्र्यालाही म्हणतात. मी हातातले चुरमुरे तसेच धरून बसले होते. इतकी वर्षं मी एका तारखेची वाट बघत होते. गाडी होईल, मग मूल होईल, मग ते जुनं प्रकरण आपोआप बुजेल आणि मला कधी काही सांगावं लागणार नाही. खरं तर माझा सगळा बेत तोच होता. आणि ती तारीख येऊन चार महिने झाले होते.

"तूं बोल त्याच्याशीं," काका म्हणाले. "तुजें ऐकेल."

तो कॉफी घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "उद्या मुहूर्त आहे. उद्या पोतं उतरव. मी बसणार." तो चाचरला, अजून मागचं चाक नीट नाही वगैरे म्हणाला. काकांनी त्याला गप्प केलं. विजयादशमीला घरची लक्ष्मी बसायला तयार असताना नाही म्हणतोस का, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही शेडवर पोचलो. सुट्टीमुळे सगळी वसाहत रिकामी. काकांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडत गाडी बाहेर निघाली. मी मागे, तो पुढे. त्याने माझे पट्टे स्वतः बांधले, दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, आणि दोनदा ओढून पाहिले. समोर मला फक्त त्याची मान दिसत होती. मानेवर केस वाढले होते आणि त्यांत थोडे पांढरे होते. आमच्या लग्नात त्याच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

"घट्ट धर," तो म्हणाला.

गाडी सुटली. खरंच सांगते, मी आयुष्यात असं काही अनुभवलं नव्हतं. आवाज नाही, धूर नाही, आणि पाठ एकदम सीटला चिकटली. दोन्ही बाजूंनी कारखान्यांची गेटं सरकन मागे गेली. मी किंचाळले आणि मग हसले. तोही हसला. फोडलेल्या कोहळ्यांमधून तो अशी नागमोडी नेत होता की वाटावं, दोन चाकांवर आहोत. तो किती हुशार आहे हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. सगळ्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून एका माणसाने आणि एका म्हाताऱ्याने शेडमध्ये हे केलं होतं. मला इतका अभिमान वाटला की क्षणभर मी सगळं विसरले.

मग स्पीडब्रेकर आला. त्याने वेग कमी केला आणि गाडी त्यावरून गेली. मला कळलंसुद्धा नाही.

त्याने गाडी कडेला घेतली. "लागला?" पुढे बघतच विचारलं त्याने.

"काय?"

"धक्का. मागचं चाक उतरलं तेव्हा."

"काहीही नाही लागला. झाली रे गाडी. अगदी झाली."

"मला जाणवला," तो म्हणाला. "डावीकडून. थोडासाच, पण आहे. स्प्रिंग बदलावी लागेल. अजून दोन-तीन महिने दे मला. मग नक्की."

त्याचा आवाज इतका थकलेला होता. मी त्याच्या मानेकडे बघत होते. समोर चेहरा असता तर मला कदाचित तेव्हाही जमलं नसतं.

मी म्हटलं, "पडल्यामुळे झालंच नव्हतं ते. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. वाढ आधीच थांबली होती, दोन आठवडे आधी. आपण पडलो नसतो तरी गेलंच असतं. तुझा काही संबंध नव्हता."

मान न वळवता तो म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"डॉक्टर काय म्हणाल्या ते सांग. त्यांचे शब्द सांग."

मी त्यांचे शब्द सांगितले. मला पाठ होते. कागद कुठे आहे तेही सांगितलं.

तो दार उघडून बाहेर उतरला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, गाडीकडे बघत, जणू ती कुणीतरी तिथे आणून सोडली आहे. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मला वाटत होतं, मी मारलं आपल्या बाळाला. चार वर्षं. आणि तू रोज सकाळी मला डबा देत होतीस."

"मी घाबरले होते."

"कशाला?"

"मला वाटलं, माझ्यात दोष आहे असं कळलं तर तू मला टाकशील."

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. चार वर्षं फसवलं याने तो इतका दुखावला नव्हता. तो म्हणाला, "मी? मी तुला टाकलं असतं?" आणि मग, "तू मला ओळखतच नव्हतीस की गं." मला उतरून त्याच्याजवळ जायचं होतं, पण ते चार पट्टे मला सोडवता येईनात. त्यानेच येऊन सोडवले. नीट, एकेक करून, मला लागणार नाही असे.

त्यानंतर त्याने मला कधीही आवाज चढवून काही म्हटलं नाही. नाशिकलाही काही सांगितलं नाही. आजही तिथे सगळ्यांना तो खड्डाच माहीत आहे. मी माफी मागितली, रोज मागितली, तो "असू दे" म्हणायचा. मी म्हटलं, आता तरी चान्स घेऊ, आता तर भीती नाही उरली. तो म्हणाला, भीती नाही उरली हे खरं आहे. शेडवर तो पुन्हा गेला नाही. काकांचे दोन फोन आले, मग तेही समजले असावेत. सहा महिन्यांत त्याने पुण्याला नोकरी धरली, एकट्यासाठी. ज्या गोष्टीला घाबरून मी तोंड मिटलं होतं ती तशीच्या तशी माझ्या दारात आली. दोष माझ्या पोटात निघाला असता तर त्याने मला आयुष्यभर सांभाळलं असतं, हे मला आता अगदी पक्कं ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणं हे बाकी कशाहूनही वाईट आहे.

जायच्या आदल्या दिवशी तो पुस्तकं खोक्यात भरत होता. मी चिकटपट्टी कापून देत होते. मध्येच थांबून त्याने विचारलं, "मुलगा होता की मुलगी, काही कळलं होतं?"

"नाही," मी म्हटलं. "तेवढं कळण्याएवढं ते मोठंच झालं नव्हतं."

त्याने मान हलवली. अजून दोन पुस्तकं खोक्यात ठेवली. मग म्हणाला, "हे तरी खरं आहे ना?"

मी हो म्हटलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मला दिसलं की त्याला विश्वास ठेवायचा आहे आणि त्याला तो ठेवता येत नाही.